आठवी माळ

अस्मितानं नवस बोलला तो माझ्यासाठी, आणि मला न विचारता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर भेटायला आलेल्या दर दुसऱ्या माणसानं मला विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी इतक्या शिकलेल्या, आणि तरी असं?" शिकण्याचा काय संबंध? ती रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून न्यू जर्सीत पिस्कॅटवेला नोकरी करत होती आणि दर संकष्टीला उपासही धरत होती. मी रेडमंडमध्ये सॉफ्टवेअर लिहिते आणि देव मानत नाही. आमच्या घरात दोन्ही खपून जायचं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. लग्नाच्या भानगडीत मी पडले नव्हते, त्यामुळे उशाशी बसायला हक्काचं माणूस नव्हतं. धाकटी बहीण आपल्या नवऱ्याला, अंकुरला, तिकडे सोडून माझ्याकडे येऊन राहिली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो. मी ओकायचे, ती भांडं धरायची. मी तिच्यावर खेकसायचे, ती ऐकून घ्यायची. बाहेर रेडमंडचा पाऊस महिनोन्‌महिने थांबत नव्हता, आणि मी पलंगावर पडून फोनवर मंगोलियाचे व्हिडिओ बघत होते: संपतच नाही असा माळ, तंबू उचलून घोड्यांवरून पुढं निघालेली माणसं.

"वाचले तर तिथं जाऊन घोड्यावर बसणार," मी म्हटलं.

"वाचलीस तर नाही, ताई. वाचल्यावर," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये स्कॅन झाला आणि रिपोर्ट स्वच्छ आला. मंगोलियाचं मात्र जमण्यासारखं नव्हतं. माझ्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत येण्यासाठी कॉन्सुलेटच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं, आणि माझी औषधं इथं. मग अस्मितानंच वायोमिंगमधलं एक ठिकाण शोधून काढलं. तिथल्या एका मेंढ्यांच्या रँचवर पेरू देशातून आलेले दोन मेंढपाळ होते. ते वर्षभर चाकांवरच्या खोलीत राहायचे आणि मेंढ्या जातील तिकडे जायचे. ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खालच्या ओसाड माळावर उतरायच्या, तेव्हा दोन-चार पाहुण्यांना घोडे देऊन बरोबर नेत.

"म्हणजे धनगरच की गं," मी म्हटलं.

"धनगरच. चाकणच्या रस्त्याला फुकट दिसायचे तेव्हा तू गाडीची काच वर करायचीस."

"वास यायचा मेंढ्यांचा."

"आता तोच वास पैसे भरून घेऊ यार," ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

निघायची तारीख आमच्या हातात नव्हती. वर बर्फ पडायच्या आत मेंढ्या उतरवायच्या असतात. ती तारीख नवरात्रात आली, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. मधे घरी परत गेलेली अस्मिता निघायच्या दोन दिवस आधी विमानानं माझ्याकडे आली. बॅगेत अंकुरनं हौसेनं घेऊन दिलेले रायडिंगचे नवे तपकिरी बूट होते. दुसऱ्या दिवशी आम्ही सामान आणायला निघालो, तर ही पावसात अनवाणी गाडीकडे चाललेली.

"चपला विसरलीस," मी म्हटलं.

"विसरले नाही. आज पहिली माळ. तुझा रिपोर्ट चांगला आला तर नवरात्रभर अनवाणी राहीन, असं अंबाबाईला बोलले होते. दसऱ्याला नारळ फोडला की घालीन पायात. अंकुरचे बूट तेव्हाच काढू, दसऱ्याला नवी वस्तू."

माझं डोकंच फिरलं. "मला विचारलंस? माझ्या कॅन्सरवर तू परस्पर सौदे करतेस?"

"नवस कुणी विचारून बोलतं का?"

"केमो मी घेतला. सुया मी टोचून घेतल्या. आणि क्रेडिट देवीला?"

"अर्धं दे," ती म्हणाली आणि गाडीत बसून ओले पाय हीटरसमोर धरले. तिच्याशी भांडता येत नसे. भांडणाला दुसरी बाजू लागते, ती तिच्याकडून कधी मिळायचीच नाही.

रेडमंडहून वायोमिंगपर्यंत आम्ही आळीपाळीनं ड्राइव्ह केलं. पेट्रोल पंपावरच्या दुकानांच्या दारावर पाटी असते, शर्ट आणि बूट नसतील तर आत येऊ नका. ती काचेबाहेर उभी राहून बोटानं दाखवायची, ते नाही, त्याच्या शेजारचे वेफर्स. आतली मुलगी तिच्या पायांकडे बघून मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायची. मला इतकी लाज वाटायची की मी जास्तीचे वेफर्स घ्यायचे.

रँचची मालकीण वेंडी साठीची, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी बाई होती. तिनं अस्मिताचे पाय पाहिले आणि सरळ नाही म्हणाली. टाचेचे बूट नाहीत तर घोडा नाही. बुटाची टाच रिकिबीला, पाय ठेवायच्या कडीला, अडते म्हणून पाऊल आरपार जात नाही. अनवाणी पाऊल आत सरकलं आणि माणूस पडलं, तर घोडा त्याला ओढत नेतो. हे तिनं स्वतःची टाच रिकिबीत घालून, काढून दाखवलं. आम्ही दोघींनी ते पाहिलं आणि नीट समजून घेतलं.

"इट्स रिलिजस," अस्मिता अगदी मऊ आवाजात म्हणाली.

या देशात हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस पाऊलभर मागं सरकतो. वेंडीही सरकली. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता ही गाडीत बसेल. पण वेंडी मागं जाऊन एक जुनं खोगीर घेऊन आली. त्याच्या दोन्ही रिकिबींना पुढून जाड चामड्याच्या टोप्या शिवलेल्या होत्या, काट्यांपासून पाय वाचावेत म्हणून. त्यातून पाऊल पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. हे खोगीर मेंढपाळ मार्सेलोचं. बसायचं तर याच खोगिरावर, दुसऱ्या कुठल्याही नाही, वेंडीनं बजावलं. ते तिनं डॉली नावाच्या म्हाताऱ्या, शहाण्या घोडीवर चढवलं.

मार्सेलोला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं तिच्या पायांकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली, मग आपल्या गुडघ्यांवर थापटून दाखवलं. त्याची आई कुठल्याशा संताच्या डोंगरावर गुडघ्यांवर चालत जाते, एवढं त्याच्या मोडक्या इंग्रजीतून आम्हाला कळलं. अस्मितानं त्याला नमस्कार केला. पुढं सगळी वाट ती दोघं एकमेकांना बघून हसायची. मला त्या टोळीत प्रवेश नव्हता.

माळ मात्र मी मागितला होता तसाच होता. कंबरेएवढी राखी झुडपं, पिवळं वाळलेलं गवत, आणि वारा. घर नाही, तार नाही, झाड नाही. पुढं मेंढ्यांची मळकी रांग, तिच्या कडेनं पांढरी राखणदार कुत्री. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असायचं आणि माझी बहीण त्यावरून शेगडीकडे चहाला यायची. तिच्या टाचा फुटल्या होत्या. रात्री मी त्यांना व्हॅसलीन लावताना शिव्या द्यायचे. "एवढं प्रेम असेल ना, तर माझ्यासाठी पायमोजे घाल." मग ती झोपताना पायमोजे घालायची. झोपेतलं देवी धरत नाही, म्हणायची.

आणि सुख? खरं सांगू, मला ते पहिल्या दिवशीच मिळालं, मग हात दुखायला लागला. माझा घोडा रेंजर तरणा होता, सारखा मान खाली ओढायचा. गाठी काढलेला डावा हात लगाम खेचून खेचून सुजला. मी कुणाला सांगितलं नाही. इतकी हौस केल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करणार? दात आवळून बसले होते. पण अस्मितानं मला केमोत पाहिलं होतं, माझे आवळलेले दात ती लांबून ओळखायची.

आठव्या माळेला दुपारी जेवायला थांबलो तेव्हा तिनं माझी बाही वर सारली. मनगट अंगठ्यापर्यंत फुगलं होतं.

"ताई, हे काय? आता इथून पुढं तू डॉलीवर बस."

"काही नको."

"ती लगाम धरला नाही तरी चालते. रेंजर माझ्याशी नीट वागेल, मी त्याला सफरचंद देते रोज. उठ."

तेवढ्यात पुढून वेंडीनं हाक दिली. मेंढ्यांना हायवे ओलांडायचा होता. ती गाड्या थांबवायला पुढं गेली, दुसरा मेंढपाळ तिच्याबरोबर, मार्सेलो अगदी मागं. आम्हालाही निघायचं होतं. अस्मितानं मला हाताचा आधार देऊन डॉलीवर चढवलं, माझे बूट त्या चामड्याच्या टोप्यांत नीट बसवले, घोडीच्या मानेवर थोपटलं. मग ती रेंजरवर बसली. आम्ही घोडे बदलले. खोगिरं बदलायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिचं लक्ष माझ्या हाताकडे होतं, आणि मला त्या हाताला आराम पडला म्हणून इतकं बरं वाटलं होतं की मी तिच्या पायांकडे बघितलंच नाही. इतके दिवस ते पाय उघडे होते, आता ते मला उघडे दिसत नव्हते.

ती माझ्या पुढं चालली होती. आईला कोणता फोटो पाठवायचा यावर आमचं चाललं होतं. मी म्हटलं, पायांचा पाठव, नवसाचं तिला ठाऊकच आहे, आवडेल. ती हसत मागं वळली. त्याच वेळी झुडपातून कोंबडीएवढा एक पक्षी फडफड करत रेंजरच्या छातीसमोरून उठला.

घोडा बाजूला उडाला. ती दुसऱ्या बाजूला पडली. एवढंच झालं असतं तर हाड मोडलं असतं, चार शिव्या मी दिल्या असत्या. पण तिचं डावं पाऊल रिकिबीतून घोट्यापर्यंत पलीकडे गेलं होतं. रेंजरनं पाठीशी काहीतरी लोंबतंय हे पाहिलं आणि तो सुटला. जितका तो पळाला तितकी ती आपटली, जितकी ती आपटली तितका तो पळाला. तिनं एकदाच "ताई" म्हटलं. डोक्याला हेल्मेट होतं. त्या माळावर दगड फार आहेत, ते वरून गवतात दिसत नाहीत.

मी डॉलीला टाचा मारल्या. ती शहाणी घोडी चालायची तशीच चालत राहिली. मार्सेलो मागून भरधाव माझ्या बाजूनं गेला, त्यानं बऱ्याच अंतरावर रेंजरला गाठलं आणि चाकूनं रिकिबीचा पट्टा कापला. मी पोचले तेव्हा तो तिच्या पायाजवळ गुडघ्यांवर बसला होता. पायाला काही झालं नव्हतं. फुटलेल्या टाचा, रात्रीचं व्हॅसलीन, त्यावर चिकटलेली धूळ. बाकीच्या अस्मिताकडे मला बघवलं नाही, पण बघितलं.

वेंडीनं सॅटेलाइट फोनवरून हेलिकॉप्टर मागवलं. त्यात माझ्यासाठी जागा नव्हती. वेंडीनं मला पिकअपमधून शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, वाटेत ती एकदाच बोलली, "आय टोल्ड हर, ओन्ली दॅट सॅडल," आणि स्टिअरिंगवर हात आपटून रडायला लागली. मी रडले नाही. मी खाली बघत होते. माझ्या बुटांवर त्या टोप्यांच्या तेलाचे डाग पडले होते. ज्या खोगिराची मला गरज नव्हती त्यावर मी बसून आले होते.

डॉक्टर तरुण होता. त्यानं मला एका छोट्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, टिश्यूचं खोकं पुढं सरकवलं. असल्या खोल्या मला नव्या नव्हत्या. गेल्या हिवाळ्यात अशाच एका खोलीत अस्मिता माझ्या शेजारी बसून माझ्या वतीनं प्रश्न विचारत होती. त्यानं सांगितलं की हेलिकॉप्टरमध्येच सगळं संपलं होतं. मी त्याला थँक यू म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

अंकुरला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "राधिकाताई, बूट होते ना तिच्या बॅगेत? मीच घेऊन दिले होते. बरोबर साइजचे होते."

"होते, अंकुर. दसऱ्याला घालणार होती."

"हो, मला बोलली होती," तो म्हणाला. मिळेल त्या फ्लाइटनं निघतो म्हणाला. मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि दिला असता तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं.

राहिली आई. बाबा गेल्यापासून ती कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी असते. तिकडे पहाट झाली होती. नवरात्रात ती पहाटेच देवीला जाऊन येते. मी आधी शेजारच्या मालिनीकाकूंना उठवून सगळं सांगितलं, आईजवळ जाऊन बसा म्हटलं, बोलू मात्र काही नका. पाच मिनिटांनी आईला फोन लावला. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कोण? राधी?"

"हो आई, मी."

"अगंबाई! तू आहेस!" तिनं इतका मोठा श्वास सोडला की तो मला इकडे ऐकू आला. "या मालिनीबाई अवेळी आल्या, काही बोलेनात, नुसत्या माझा हात धरून बसल्या. मला वाटलं तुझंच काहीतरी… पुन्हा ते उलटलं की काय… जीव नुसता गोळा झाला होता बघ. पावली गं बाई, अंबाबाई पावली."

तिला तेवढं सुख मी अजून थोडा वेळ द्यायला हवं होतं. पण ते देता येईना. "आई," मी म्हटलं, "मी ठीक आहे. अस्मी गेली." मग जे झालं ते सांगितलं, थोडं सांगितलं.

आई ओरडली नाही. मालिनीकाकूंचं रडणं ऐकू येत होतं, आईचं नाही. मग तिनं विचारलं, "पायात काय होतं तिच्या?"

"काही नव्हतं, आई."

"कितवी माळ?"

"आठवी."

"इथं नववी लागली," ती म्हणाली. अगदी सावकाश, हिशेब चुकू नये तशी. "म्हणजे एक राहिली. ती मी करते. आत्ताच देवळातनं आले, चपला अजून पायात आहेत. काढते."

"आई, नको!"

"अर्धवट ठेवायचं नसतं, राधी. ते तुझ्यावर येईल."

मी किंचाळले. त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, दोन नर्स वळून बघताहेत याची पर्वा न करता मराठीत किंचाळले. "काही येत नाही माझ्यावर! औषधांनी बरी झाले मी, आई! तिच्या पायात बूट असते तर आज ती जिवंत असती! माझ्यासाठी कुणी काही करू नका. माझ्यासाठी चप्पल घाल. एवढं कर, चप्पल घाल."

तिनं मला बोलू दिलं. माझा दम संपेपर्यंत ती थांबली. पलीकडे फरशीवर आधी एक चप्पल पडल्याचा आवाज आला, मग दुसरी. मालिनीकाकू म्हणाल्या, "अहो वसुधाताई, काय करताय हे," आणि त्यांचा आवाज दूर गेला.

"तिकडं थंडी आहे ना गं?" आईनं विचारलं.

"आहे."

"तुझ्या पायात काय आहे?"

मी खाली पाहिलं. "बूट आहेत."

"काढू नकोस हं," आई म्हणाली. "काही झालं तरी काढू नकोस."